आईचा उबग आणि आपली साडीचोळी

रायगडावरील हिरकणीची कथा महाराष्ट्रात कोणाला सांगावी लागत नाही. गडावर दूध घालावयास गेलेल्या या गवळणीला कोजागिरीच्या सायंकाळी उशीर होतो, सूर्यास्ताबरोबर दरवाजे बंद होतात, पहारेकरी नियमाने बांधलेले असतात. आणि घरी तान्हे बाळ आहे या एकाच विचाराने ती, दिवसाही कोणी पाय टाकू धजणार नाही असा कडा, अंधारात उतरून जाते. महाराजांनी तिला साडीचोळी देऊन गौरविले आणि त्या जागी बुरूज बांधविला, असे दंतकथा सांगते. किल्ल्याच्या रक्षणाच्या दृष्टीने ते योग्यच होते. आपण ही कथा पिढ्यानपिढ्या मातृप्रेमाची म्हणून सांगत आलो, आणि ती तशी आहेही. परंतु अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला नको तेथे हिशेब विचारण्याची खोड असते. त्या रात्री बाळापाशी कोण होते, याचा उल्लेख कथा सांगणारे क्वचितच करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी हिरकणीला पुन्हा दूध घेऊन गड चढावयाचा होता, याचा तर कधीच करीत नाहीत.

आजही आईला साडीचोळी देण्यात आपण मागे नाही. तिच्या त्यागावर भाषणे होतात, तिला देवत्व बहाल होते. एस.टी.च्या स्थानकांवर स्तनपानासाठी ‘हिरकणी कक्ष’ उघडले गेले, ही त्यातल्या त्यात उपयोगाची गोष्ट. भाषणापेक्षा चार भिंती आणि एक दार केव्हाही बरे. प्रश्न आहे तो उरलेल्या दिवसाचा.

हा प्रश्न डोळ्यांसमोर यावा म्हणून आमचे केडगावच घ्या. केडगाव म्हटले की बाहेरच्या लोकांना दौंड तालुक्यातले, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे केडगाव आठवते. दुष्काळात निराधार झालेल्या स्त्रियांना मुलाबाळांसकट आसरा देणारे ते गाव वेगळे. हे अहिल्यानगरचे, म्हणजे २०२४ पर्यंत ज्याला आपण अहमदनगर म्हणत होतो त्या शहराचे, पुणे रस्त्यावरील उपनगर. नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनाला येथे साऱ्या शहराची रीघ लागते. एरवीचे केडगाव म्हणजे महानगरपालिकेच्या हद्दीतल्या, प्लॉट पाडून उभ्या राहिलेल्या वसाहती. पारनेर, श्रीगोंदे, पाथर्डी, जामखेडकडून नोकरीसाठी आणि मुलांच्या शिक्षणासाठी आलेली कुटुंबे येथे दोन-तीन खोल्यांत राहतात. घरधनी शहराच्या दुसऱ्या टोकाला, मनमाड रस्त्यावरील नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातो. पत्नी कापड बाजारातल्या दुकानात, एखाद्या दवाखान्यात, खासगी शाळेत, नाही तर घरीच शिलाई यंत्रावर बसते. शेजारी ओळखीचे आहेत, चांगलेही आहेत. परंतु शेजारीणही याच पेचात. सासूबाई गावाकडे शेतीला आणि जनावरांना बांधलेल्या.

अशा घरातील स्त्रीला ‘कशी आहेस?’ असे विचारले तर ती ‘दमले बाई’ म्हणत नाही. ती म्हणते, ‘जीव उबगलाय.’ मराठीने येथे फार नेमका भेद केला आहे. शीण वेगळा आणि उबग वेगळा. शीण निजल्याने जातो. उबग घेऊन माणूस निजतो आणि उबग घेऊनच उठतो. शीण कामाचा असतो, उबग ज्याच्यासाठी काम करावयाचे त्याचाच येऊ लागतो. लेकराचे रडणे ऐकून कळवळा येण्याऐवजी कपाळावर आठी पडते, पाठीत धपाटा बसतो, आणि मग रात्री त्याच पाठीवरून हात फिरवीत ही बाई रडते. आमच्या वर्गांतून लग्न झालेल्या विद्यार्थिनी पुष्कळ असतात. परीक्षेचा अर्ज भरून परीक्षेला न आलेल्या मुलीला कारण विचारावे, तर उत्तर बहुधा एका वाक्यात संपते: ‘मॅडम, बाळाला कोण बघणार?’

या उबगाला पाश्चात्त्य मानसशास्त्रात ‘बर्नआउट’ असे नाव आहे. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसतज्ज्ञाने १९७४ मध्ये ते शास्त्रीय लिखाणात आणले, आणि आणले तेही न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्यात इतरांची शुश्रूषा करणाऱ्या कार्यकर्त्यांविषयी लिहिताना. म्हणजे शब्दाचा जन्मच सेवा करणाऱ्या हातांच्या थकव्यातून झाला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची व्याख्या केली तेव्हा मात्र स्पष्ट बजावले, की ही संज्ञा नोकरी-व्यवसायाच्या संदर्भातच वापरावी, आयुष्याच्या अन्य क्षेत्रांना लावू नये. शास्त्रीय काटेकोरपणा म्हणून ते क्षम्य असेल. परिणाम मात्र असा, की पाळणाघरात दहा परकी मुले सांभाळून थकलेली बाई या व्याख्येत बसते आणि घरी स्वतःची दोन सांभाळून थकलेली बसत नाही.

हा न्याय आम्हा अर्थशास्त्रज्ञांना अपरिचित नाही. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले होते, की एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी घरकाम करणारणीशी विवाह केला तर राष्ट्रीय उत्पन्न घटते. काम तेच राहते, पगार तेवढा थांबतो. विद्यार्थी या उदाहरणावर दरवर्षी हसतात. त्यात हसण्यासारखे किती आहे, ते राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या वेळ-वापर पाहणीतून दिसते. २०२४ च्या या पाहणीनुसार घरातल्या बिनमोल कामांत शंभरांपैकी सुमारे ८१ स्त्रिया भाग घेतात आणि सुमारे २७ पुरुष. जे भाग घेतात त्यांचाही वेळ पाहा: स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे, पुरुष ८८ मिनिटे. मुलांची व इतर कुटुंबीयांची देखभाल यात धरलेली नाही, ती वेगळी मोजलेली आहे. जवळजवळ पाच तासांची ही रोजची पाळी राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही रकान्यात नाही.

येथे कोणी म्हणेल, आमच्या आज्यांनी आठ-आठ मुले वाढविली, त्यांना नाही कधी उबग आला. हा युक्तिवाद पुरुषांकडून येतो तितकाच सासवांकडूनही येतो, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. बेल्जियममधील इझाबेल रोस्काम आणि मोइरा मिकोलायचाक या दोन संशोधक स्त्रियांच्या पुढाकाराने ४२ देशांतील पालकांचा अभ्यास झाला व २०२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पालकत्वाचा उबग, मग व्याख्या काहीही म्हणो, त्यांनी मोजला. आणि व्यक्तिनिष्ठ, आपापले पाहणाऱ्या समाजांत तो अधिक आढळला. दारिद्र्यापेक्षाही एकटेपण अधिक जाळते, असा त्याचा अर्थ लावता येईल. आजीचे म्हणणे याच्याशी जुळते. आजी एकटी नव्हती.

ती एकटी नव्हती, याचे कारण केवळ माणसे मायाळू होती हे नव्हे. व्यवस्था होती. पहिले बाळंतपण माहेरी करावयाचे, हा नुसता लाड नसून रजेचा नियम होता. सातव्या महिन्यात ओटी भरून मुलगी माहेरी आली की सासरच्या जात्यापासून, पाण्याच्या खेपांपासून तिची कित्येक महिन्यांची सुटका होई. सव्वा महिना बाळंतीण बाजेवर. शेकशेगडी, तेल, डिंकाचे आणि आळिवाचे लाडू, बाळाला न्हाऊ घालायला गावातली अनुभवी म्हातारी. पुढेही नागपंचमीला मुऱ्हाळी येई, दिवाळीला माहेर असे. वर्षातून दोनदा हक्काची विश्रांती, तीही सासरच्या मर्जीपेक्षा रूढीच्या बळावर मिळणारी. सासूला ती नाकारणे जड जाई, कारण गाव बघत असे. पहाटे दोघी एका जात्याला बसत, आणि ओवीतून दुःख सांगत. ज्याला आज समुपदेशन म्हणतात त्याची थोडीफार सोय दळणाच्या वेळेतच उरकली जाई. रूढींच्या नावाने बोटे मोडताना त्यांच्यातली ही कामगार-कायद्याची बाजू आपण ध्यानात घेतली नाही.

परंतु या व्यवस्थेची आरती ओवाळण्यापूर्वी तिची किंमत कोणी मोजली हेही पाहिले पाहिजे. माहेरची रजा ज्याच्या घरी धान्य होते त्याच्या लेकीला होती. मोलमजुरी करणारी बाई दहा-बारा दिवसांतच बांधाच्या बाभळीला झोळी बांधून खुरपायला बसत असे. दुसरे असे, की आजीच्या हाताखाली जे हात होते त्यांतले निम्मे लहान मुलींचे होते. थोरली सात-आठ वर्षांची झाली की धाकटे तिच्या कडेवर आले, आणि तिची पाटी कोनाड्यात गेली. एकत्र कुटुंबाने आईचा भार हलका केला तो मुलीच्या शिक्षणावर आणि धाकट्या सुनेच्या पाठीवर टाकून. आज ती मुलगी शाळेत जाते, ती सून स्वतंत्र बिऱ्हाड करून नोकरी करते. हे दोन्ही आपल्याला हवे होते. महाराष्ट्राने त्यासाठी शंभर वर्षे खटपट केली. घरातले हात कमी झाले ते समाज बिघडला म्हणून नव्हे, पुष्कळ अंशी तो सुधारला म्हणून. चूक एवढीच, की ते हात काढून घेताना त्यांच्या जागी दुसरे काही ठेवले नाही. मागणी तीच राहिली, पुरवठा आटला. आणि अशा वेळी बाजारात जे भाववाढीने दिसते, ते घरात आईच्या उबगाने दिसते.

या तुटवड्याची जाणीव शासनाला नव्हती असे नाही. कारखान्यांत पाळणाघराची तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्यातच होती. २०१७ च्या प्रसूतिलाभ कायद्यातील दुरुस्तीने रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांवर नेली आणि ५० वा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक केले. सामाजिक सुरक्षा संहितेतही ५० चाच आकडा कायम आहे. आता हा आकडा प्रत्यक्षाशी ताडून पाहू. २०१३-१४ च्या सहाव्या आर्थिक गणनेत देशात ५ कोटी ८५ लाख आस्थापना आणि त्यांत १३ कोटी १३ लाख माणसे कामाला, असे आढळले. सरासरी निघते दर आस्थापनेमागे सव्वादोन माणसांची. म्हणजे कापड बाजारातले दुकान, केडगावातले शिवणवर्ग, चार खाटांचा दवाखाना, नागापुरातले लेथ यंत्राचे छोटे शेड, हे सगळे कायद्याच्या उंबरठ्याबाहेर. कायदा हत्तीच्या मापाचा शिवला आणि गावात शेळ्या.

ज्या संस्थेकडे खरे तर येथे पाहावयाचे ती मराठी मुलखातच जन्मली आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी (आता पालघर जिल्हा) येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. मुले शाळेपर्यंत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणापर्यंत नेऊ, या विचारातून ‘अंगणवाडी’ आली. अनुताई वाघ यांनी कोसबाडला ते काम अखेरपर्यंत चालविले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. मराठीने भारतीय शासनाला दिलेल्या शब्दांत याइतका लोकोपयोगी शब्द दुसरा नसेल. परंतु अंगणवाडीची कल्पना मुलाच्या पोषणाची आणि शिक्षणाची होती, आईच्या कामाच्या वेळेची नव्हती. खिचडी खाऊन मूल दुपारी घरी येते; आई तेव्हा बाजारात गिऱ्हाईकाला पातळे उलगडून दाखवीत असते. २०२२ पासून केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची सोय झाली. कर्नाटकाने २०२३ मध्ये ‘कूसिन मने’ या नावाने ग्रामपंचायतींतून लहान मुलांची केंद्रे उघडण्यास आरंभ केला. दिशा बरोबर आहे. मात्र आपल्याकडे जी अंगणवाडीसेविका हे काम करणार, तिच्याकडेही क्षणभर पाहावे. पगार नव्हे, ‘मानधन’ घेऊन ती मुले सांभाळते, वजने घेते, नोंदी भरते, लसीकरणाला बायका जमविते. ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातील अंगणवाडी कर्मचाऱ्यांनी दीर्घ संप केला, तो कशासाठी होता हे या शब्दातच आहे. या सेविका उपदानास, म्हणजे ग्रॅच्युइटीस, पात्र आहेत हे सांगण्यासाठी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निर्णय द्यावा लागला. एका आईचा उबग काढून दुसरीच्या पदरात घालणे, याला काही आम्ही उपाय म्हणणार नाही.

वडिलांविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्यांच्याविषयी बोलण्यासारखे फारसे घडतच नाही. राज्य शासनाने २०१८ मध्ये आपल्या कर्मचारी स्त्रियांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा मंजूर केली. पुरुष कर्मचाऱ्यालाही ती मिळते, पण त्याची पत्नी हयात नसेल किंवा अंथरुणाला खिळलेली असेल तर. शासनाचा हेतू चांगलाच होता; तरीही या अटीतून जे आपोआप बोलले गेले आहे ते हजार भाषणांपेक्षा स्पष्ट आहे. बाई धडधाकट आहे तोवर मूल तिचे. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते अशाच हिशेबाच्या संशोधनाबद्दल: स्त्री-पुरुषांच्या मिळकतीतील आजची दरी पुष्कळशी पहिल्या अपत्याच्या जन्मानंतर पडत जाते, असे त्यांनी अमेरिकेच्या आकडेवारीवरून दाखविले. आमच्या केडगावात त्यासाठी आकडेवारीची गरज पडत नाही. बाळंतपणानंतर किती जणी दुकानात परत आल्या, ते दुकानदाराला तोंडपाठ असते.

सगळाच उबग पाळणाघराने जाणार नाही, हेही सांगितले पाहिजे. बाळंतपणानंतर येणारी खोल उदासी हा आजार आहे आणि त्याला औषधोपचार आहेत. आठवडेच्या आठवडे झोप नाही, कशातच मन लागत नाही, स्वतःला किंवा लेकराला काही करून बसू अशी भीती वाटते, अशा वेळी ‘होईल बरे’ म्हणून थांबू नये. घरच्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. ‘टेलि-मानस’ ही शासकीय सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य, अहोरात्र आहे आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक दवाखान्याच्या भिंतीवर असतोच, तो स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लिहिलेला असावा. परंतु दर थकलेल्या आईला आजारी ठरविणे हीसुद्धा एक पळवाट आहे. मन खंबीर ठेव, ध्यान कर, स्वतःसाठी वेळ काढ, हे उपदेश ऐकून ती विचारते, ‘वेळ काढू कुठून?’ उपदेशकाने तेवढ्या वेळात मूल धरले असते तर बरे झाले असते.

मग करावयाचे काय? अहिल्यानगर जिल्ह्याला हा प्रश्न विचारावा लागतो, याचेच नवल वाटते. एकट्या शेतकऱ्याच्या उसावर कारखाना चालत नाही, म्हणून शेकडो शेतकऱ्यांचा ऊस एकत्र करून १९५० च्या सुमारास याच जिल्ह्यात प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या सोबत धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्राचा पंडित त्याचा पहिला अध्यक्ष होता. ‘कुणबी कारखाना काय चालविणार’ ही शंका तेव्हाही पुष्कळांना होती. आज केडगावातल्या एका शिवणवर्गात तीन बायका, एका दवाखान्यात दोन, एका दुकानात एक, अशा विखुरलेल्या आहेत. एकेका मालकाला पाळणाघर परवडणार नाही हे खरेच. पण हा तोच जुना उसाचा प्रश्न आहे. सामाजिक सुरक्षा संहितेने अनेक आस्थापनांनी मिळून, नगरपालिकेच्या वा स्वयंसेवी संस्थेच्या साह्याने, सामाईक पाळणाघर चालविण्यास वाट ठेवली आहे. अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेने ऐंशीच्या दशकात ‘संगिनी’ ही पाळणासेविकांचीच सहकारी संस्था काढली. त्यात सांभाळणाऱ्या बायका नोकर नसून सभासद आहेत. तेथे कष्टकरी मातांची मुले दिवसभर राहतात आणि आईही थोडी वर्गणी देते. आपल्या जिल्ह्यात तर पतसंस्था गल्लोगल्ली आहेत, महिला बचत गट आहेत. त्या म्हशीला कर्ज देतात, शिलाई यंत्राला देतात. पाळणाघराला मागितले तर मात्र ‘त्यात उत्पन्न काय?’ असे विचारतात. उत्पन्न आहे. शिलाई यंत्रावर बसणाऱ्या बाईचे जे तास आज मुलाच्या मागे धावण्यात जातात, ते यंत्रावर आले की तेच उत्पन्न. हप्ता त्यातूनच फिटणार.

जागेची अडचण पुढे केली जाईल. पालिकेच्या समाजमंदिरांची दारे लग्नसराईखेरीज किती दिवस उघडतात ते नगरसेवकांनी तपासावे. सेविकेचे वेतन किती, त्यात महानगरपालिकेचा वाटा किती, मालकांचा किती आणि आईचा किती, यावर वाद होतील. ते झाले पाहिजेत, पण ‘मानधन’ हा शब्द त्या ठरावात नसावा. राहता राहिला वेळेचा प्रश्न. पाळणाघर सायंकाळी किती वाजता बंद करावे, हे कार्यालयात बसून ठरवू नये. नागापूरची पाळी सुटून, कापड बाजारातले दुकान आवरून, केडगावच्या थांब्यावर बायका रात्री कितीला उतरतात, ते त्यांनाच विचारावे.